रूथची पहिली रायफल

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळही नाही. एकदा आईला फोनवर सांगायला सुरुवात केली होती, तर मधेच तिच्या कुकरची शिट्टी झाली, तिचं लक्ष गेलं आणि मी विषय बदलला. नंतर मनाची समजूत घातली, की राहून गेलं. राहून कसलं जातंय? मीच राहू दिलं.

तुम्हाला सांगते. तुम्ही ना मला ओळखता, ना जिच्याबद्दल सांगतेय तिला.

आधी बंदुकांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. इथे अमेरिकेत, चँडलरला, आमच्या गॅरेजमध्ये, वॉशिंग मशीनच्या शेजारी, एक लोखंडी तिजोरी आहे. तिच्यात माझ्या रायफली असतात. माझ्या हं, श्रीरंगच्या नाहीत. इथल्या मराठी मंडळात यावरून भरपूर थट्टा चालते. कोथरूडची बाई, चैत्रगौरीला आंब्याची डाळ वाटते आणि रविवारी वाळवंटात जाऊन नेम धरते! "श्रीरंग, जपून रे बाबा," असं कुणीतरी म्हणतं, सगळे हसतात. मीही हसते.

मला हे वेड एनसीसीत लागलं. पॉइंट टू-टूची जुनी, जड रायफल. पालथं पडायचं, कोपर खडीत रुतलेलं, आणि माझ्या सगळ्या गोळ्या कागदावर अशा जवळजवळ बसलेल्या, की वर रुपयाचं नाणं ठेवलं तर झाकल्या जातील. सुभेदारसाहेब म्हणाले, "शाब्बास, पोरी." मी अभ्यासात मधली, दिसण्यात मधली, गाण्यात तर नाहीच. आयुष्यात माझ्या वाट्याला आलेली शाबासकी ती तेवढीच. पुढे लग्न झालं, श्रीरंगच्या व्हिसावर इथे आले. मला नोकरीची परवानगी नव्हती. ग्रीन कार्ड यायला कितीतरी वर्षं गेली. त्या वर्षांत मी कोण होते? श्रीरंगची बायको, रोहनची आई. बस.

ग्रीन कार्ड आलं आणि त्याच सुमाराला रूथ भेटल्या. शेजारच्या घरात राहायच्या. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, मीही रूथच म्हणायचे. मनात मात्र कायम 'त्या'. लहानपण गुरांच्या रँचवर गेलेलं, त्यामुळे हात माझ्या सासऱ्यांपेक्षा रुंद. एकदा त्या गॅरेज उघडं टाकून रायफल पुसत बसल्या होत्या आणि मी बोलून गेले, की कॉलेजात मीही चालवायची. त्यांनी काही न विचारता ती माझ्या हातात दिली. तो तेलाचा वास, तो गार लाकडी दस्ता... मला रडू आलं. इतक्या लोकांत, इतक्या वर्षांत, कुणीतरी माझ्या हातात माझी वस्तू परत दिली होती.

मग दर रविवारी सकाळी आम्ही दोघी त्यांच्या ट्रकमधून वाळवंटातल्या रेंजवर जायला लागलो. त्यांच्या संग्रहातली एकेक रायफल त्या मला दाखवत, तिची गोष्ट सांगत. सगळ्यात साधी होती ती त्यांची पहिली — एका वेळी एकच गोळी घेणारी, दस्त्यावर ओरखडे पडलेली. वडिलांनी त्या लहान असताना दिलेली. त्या म्हणायच्या, "पहिली आपण विकत घेत नसतो. कुणीतरी आपल्याकडे नीट बघतं आणि देतं."

आणि एक गोष्ट त्यांनी फक्त मला सांगितली होती. त्यांचा धाकटा भाऊ. रँचवरच, तरुणपणी, स्वतःच्याच बंदुकीने. आदल्या दिवशी तो जेवताना नीट बोलत होता म्हणे. "कुणीतरी मला आधी सांगायला हवं होतं," रूथ म्हणाल्या. "कुणाला तरी माहीत असणारच ना?" हे लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

मृणालला रेंजवर मीच घेऊन गेले. कुणी सांगितलं होतं मला? मृणाल नागपूरची, इथे चिप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर, माझ्यापेक्षा बरीच लहान. मला ताई म्हणायची. तिची मुलगी मला मावशी म्हणून हाक मारायची आणि पुढचं सगळं इंग्रजीत. मृणाल म्हणजे कुठेही जाईल तिथे तिच्याभोवती घोळका. गणपतीत हार्मोनियमवर तीच, नाटकात काम तीच, ऑफिसात नवीन टीमसाठीही नाव तिचंच. मला ती आवडायची, खोटं कशाला सांगू? खूप आवडायची. आणि ती खोलीत आली की मी विझायचे, हेही तितकंच खरं.

मला तिला माझं काहीतरी दाखवायचं होतं. बघ, हे मला येतं, तुला येत नाही.

तिने जन्मात बंदूक धरली नव्हती. रूथनी तिला दस्ता खांद्याला कसा लावायचा, श्वास कुठे थांबवायचा ते सांगितलं. पहिल्या गोळ्या मातीत. मग एक कागदाच्या कडेला. मग — अहो, मग ती चुकेचना! आणि वर खळखळून हसायची, "ताई, हे तर काहीच नाही यार, तू उगाच भाव खात होतीस!" रूथसुद्धा हसल्या. त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या बाजूच्या कागदावर त्या दिवशी कुणी बघितलंच नाही. चांगला नेम लागला होता माझा. चांगलाच लागला होता.

पुढे रूथ ट्रकमध्ये बसताना विचारायला लागल्या, "मृणाल येतेय ना?" ती नसली की गप्प असायच्या. मीच शेजारीण, मीच त्यांची औषधं आणायची, त्यांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला मीच नेलं. आणि वाट कुणाची बघायच्या?

एका रविवारी सगळे सावलीत बसले होते. रेंजवर जुने लोक जमले की हमखास निघणारा विषय निघाला — तुझी पहिली बंदूक कोणती? टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक आजोबा काकांच्या शॉटगनबद्दल सांगत होते, पहिल्याच बाराला ते उताणे पडले आणि काका उचलायचं सोडून हसत बसले. एक ट्रक ड्रायव्हर म्हणाला, त्याने पहिल्या पगारातून घेतली आणि आईपासून गवतात लपवली. मी माझं एनसीसीचं सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. मग मृणालची पाळी आली. ती म्हणाली, "मला पहिली अजून मिळायचीय." आणि रूथनी तिच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं.

मला तेव्हाच कळलं.

त्यानंतर काही दिवसांनी रूथ आमच्याकडे आल्या, झाडाची लिंबं घेऊन. मी चहा टाकला. त्या ओट्याशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझी पहिली रायफल मृणालला द्यावी म्हणतेय. मला मूलबाळ नाही. ती तुझी मैत्रीण, म्हणून तुला आधी विचारते. तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं! चहा उतू गेला, तो पुसायला मी वळले. वळले तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण होतं. सगळं तयार होतं.

मृणालने मला एक गोष्ट विश्वासाने सांगितली होती. कालव्याकाठी फिरायला जायचो आम्ही, तेव्हा. मुलगी झाल्यावर काही महिने तिचे फार वाईट गेले होते. रडू थांबायचं नाही. एकदा तिला वाटलं होतं, की आपण नसलो तरी या घराचं काही अडणार नाही. मग डॉक्टर, औषधं झाली आणि ती बरी झाली. पूर्ण बरी झाली. ते सगळं मागे पडून बराच काळ लोटला होता. "ताई, हे अभयशिवाय कुणाला माहीत नाही," ती म्हणाली होती. अभय म्हणजे तिचा नवरा.

मी ते रूथना सांगितलं. हळू आवाजात, काळजीने. तेवढंच सांगितलं असतं तरी तो विश्वासघातच होता. पण मी तिथे थांबले नाही. मी म्हटलं, "ती अजूनही तसं बोलते कधीकधी. परवाच म्हणाली."

परवा ती काहीच म्हणाली नव्हती. परवा आम्ही भेटलोही नव्हतो.

रूथनी ओट्याची कड धरली. त्यांचा चेहरा बघून मला कळत होतं, की त्यांना समोर मृणाल दिसत नाहीये, भाऊ दिसतोय. मी तिथेच नेम धरला होता ना! त्या म्हणाल्या, "तू मला सांगितलंस, फार चांगलं केलंस." आणि मला जवळ घेतलं. मी घेऊ दिलं.

मला वाटलं होतं, रायफल द्यायची राहील आणि विषय संपेल. पण रूथ चांगल्या बाई होत्या. चांगली माणसं गप्प बसत नाहीत. त्यांनी अभयला फोन केला, आणि कुणाकडून कळलं ते त्याला सांगितलं नाही — माझ्यासाठीच. अभय घाबरला. नागपूरहून त्याची आई येऊन राहिली. घरातल्या औषधांच्या बाटल्या कुलपात गेल्या. मृणाल बाथरूममध्ये जास्त वेळ राहिली की दारावर टकटक. ती मी ठीक आहे म्हणायची, तेव्हा सगळे मान हलवायचे, जसं आजारी माणसासमोर हलवतात. ती चिडली की म्हणायचे, बघा. रूथ तिच्याशी गोड बोलायच्या, पण ती रेंजवर यायचं म्हणाली की काहीतरी कारण काढायच्या.

शेवटी ती माझ्याकडेच आली. दुसऱ्या कुणाकडे जाणार? सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली. म्हणाली, "ताई, मला कळतच नाही काय चाललंय ते. मी परत तशी दिसतेय का गं? तू तरी खरं सांग."

एका वाक्यात सगळं मिटवता आलं असतं. नाही गं, तू ठणठणीत आहेस — एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं, कबुलीसुद्धा द्यावी लागली नसती. मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हटलं, "जरा थकलेली दिसतेस खरी."

का? रायफल तर तिच्या हातून गेलेलीच होती. मग का? कारण ती पहिल्यांदाच माझ्यापेक्षा लहान दिसत होती. आणि मला ते बरं वाटत होतं.

तिने स्वतःवरचा विश्वास सोडला. डॉक्टरकडे गेली, औषधं पुन्हा सुरू केली, ऑफिसात नव्या टीमला नाही म्हणून सांगितलं. गणपतीत हार्मोनियमवर दुसरंच कुणीतरी बसलं. पुढच्या उन्हाळ्यात अभयने व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला, नोकरी घेतली. जागा बदलली की हिला बरं वाटेल, म्हणून. जाताना ती माझ्या गळ्यात पडून रडली.

रूथनी रायफल मला दिली. माझा संग्रह तिथून सुरू झाला. रेंजवर आता पहिल्या बंदुकीचा विषय निघाला की मी एनसीसीचं सांगत नाही, हीच गोष्ट सांगते — परदेशात आलेली एकटी बाई, शेजारची म्हातारी, आणि तिने मुलगी मानून दिलेली रायफल. लोकांना फार आवडते. एकदोघींच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलंय.

रूथ २००८ साली गेल्या. मृणालला फोन मीच केला. ती म्हणाली, "मी त्यांचं काय बिघडवलं होतं गं, ताई? मला कधी कळलंच नाही."

"म्हाताऱ्या माणसांचं काय सांगावं," मी म्हटलं.

"जाऊ दे. तुझ्यावर मात्र त्यांचा फार जीव होता. मला तेव्हा तुझा हेवा वाटायचा, आता सांगायला काय हरकत आहे?"

"हो," मी म्हटलं, "होता जीव." आणि तिची मुलगी आता कितवीत आहे, ते विचारलं.