भोपळा, बेबी आणि उलटी सीट

गॅरेजमध्ये दोन गोष्टी आपोआप साचतात, गंजलेले नटबोल्ट आणि किस्से. नटबोल्ट निदान भंगारवाला घेऊन जातो. किस्से मात्र आमच्यासारख्यांच्या गळ्यात पडतात आणि समोर चहा आला की बाहेर पडायला लागतात. साठ सालानंतरची दोन-तीन वर्षं मी डहाणूला भाऊंच्या गॅरेजमध्ये सीटकव्हरं शिवायचो. हे सगळं तेव्हाचं.

*

आमच्या डॉक्टरबाई जुनी जीप चालवत झरीच्या दवाखान्यात जायच्या. नवरा बोटीवर नोकरीला, घरी दुसरं कोणी नाही. त्यामुळे बेबी बरोबर, आयाच्या मांडीवर. एकदा खड्ड्यात जीप उडाली आणि बेबी मांडीवरून थेट दवाखान्याच्या कापसाच्या गठ्ठ्यावर! बेबी हसली, आया रडली आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर आलीच नाही.

बाई गॅरेजमध्ये आल्या. म्हणाल्या, "भाऊ, बेबी पडणार नाही अशी सीट करून द्या. नाहीतर मला झरी सोडावं लागेल."

झरीला दुसरा डॉक्टर नव्हता.

*

भाऊंचं सेफ्टी स्टँडर्ड सोपं होतं. दोन्ही हातांनी सीट हलवायची, हलली नाही की पास. त्यांनी एक छोटी वेताची खुर्ची जीपच्या मागच्या भागात ठोकली, हलवून बघितली आणि म्हणाले, "हत्ती बसवा!"

बाई म्हणाल्या, "हत्ती नको, बेबीच्या वजनाचं काहीतरी बसवू."

म्हणून बाजारातून लाल भोपळा आणून खुर्चीत बसवला. वरोरच्या रस्त्याला म्हैस आडवी आली आणि भाऊंनी ब्रेक मारला. खुर्ची जागच्या जागी, भोपळा भाऊंच्या कानाला घासून पुढच्या काचेवर! भाऊ खाली उतरले, मागे जाऊन खुर्ची हलवून बघितली आणि शांतपणे म्हणाले, "खुर्ची पास आहे. भोपळा नापास."

*

मग स्टँडर्ड बदललं. मी जाड कॅनव्हासचा पट्टा शिवला. नवा भोपळा, नवा ब्रेक. या वेळी भोपळा उडाला नाही, पण पट्टा जिथे आवळला होता तिथे त्याला चीर गेली. बाईंनी त्या चिरेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "इथे बेबीचं पोट येतं." तेव्हा मात्र कोणी विनोद केला नाही.

फुटलेले भोपळे भाऊंच्या घरी जायचे. दुपारी त्यांच्या डब्यात भोपळ्याची भाजी दिसली की समजायचं, सीट पुन्हा नापास! त्या महिन्यात आम्ही सगळ्यांनी इतका भोपळा खाल्ला की मी अजून लग्नाच्या पंगतीतसुद्धा त्याला हात लावत नाही.

*

शेवटी भाऊंनी काम मगनभाईंना दिलं. मगनभाई म्हणजे आमचे गुजराती सुतार, उमर टांगे बांधण्यात गेलेली. त्यांनी शिसवी लाकडाची सुंदर सीट केली, पाठीला नारळाच्या काथ्याची गादी, वर माझाच पट्टा. आणि बसवली ती उलटी! पाठ ड्रायव्हरकडे, तोंड मागे.

भाऊ ओरडले, "अहो मगनभाई, ही जीप आहे, टांगा नव्हे!"

मगनभाईंना चूक कळेचना. "पण भाऊ, मागची सवारी तर मागेच बघे ने! पुढे बघून करे शुं? घोड्याची शेपटी बघे?"

उखडून काढण्याआधी बाई म्हणाल्या, "एकदा ब्रेक मारून तर बघू." भाऊंनी सगळी भडास काढून ब्रेक मारला. भोपळा गादीत रुतला आणि तिथेच बसून राहिला. चीर नाही, ओरखडा नाही. बाई म्हणाल्या, "राहू दे उलटीच."

*

ती सीट बघून नरपडचे एक वाडीवाले शेठ आले. त्यांना नातवासाठी तशीच हवी होती, पण सुलटी. "आमचा पोरगा गावाला पाठ दाखवून जाईल काय?"

भाऊ म्हणाले, "शेठ, सुलटा बसला तर गावाला गाडी येईपर्यंतच दिसेल. उलटा बसला तर गाडी गेल्यावरही गाव त्याला बघत राहील!"

शेठनी दोन सांगितल्या.

*

एकदा गाड्यांच्या तपासणीला आलेले इन्स्पेक्टर सीटपाशी अडले. असली वस्तू त्यांनी बघितली नव्हती. बराच विचार करून म्हणाले, "पुढे तोंड असेल तर प्रवासी. मागे तोंड करून बांधलंय, म्हणजे सामान. सामानाला हरकत नाही."

आठवड्याने ते साध्या कपड्यांत आले, कडेवर नात. हळूच म्हणाले, "भाऊ, या सामानाचंही माप घ्या."

*

आणि मग तो दिवस. एका ट्रकवाल्याने गॅरेजसमोर गाडी थांबवून सांगितलं, "डॉक्टरबाईंची जीप तलासरीच्या अलीकडे झाडावर गेलीय." पुढचं ऐकायला कोणी थांबलं नाही. भाऊ, मगनभाई आणि मी मिळेल त्या गाडीने निघालो. वाटेत मगनभाई एकच म्हणत होते, "मी उलटी बसवली. मी उलटी बसवली." मी मनातल्या मनात टाके मोजत होतो. पट्टा माझा होता.

जीपचं नाक झाडात. काचेचा चुरा. बाई रस्त्याच्या कडेला बसलेल्या, कपाळ फुटलेलं, एक हात गळ्यात बांधलेला. मांडीवर बेबी. अंगावर साधा ओरखडा नाही, आणि सगळ्यांकडे अशी बघत होती, जणू तिची झोप आम्हीच मोडली! मगनभाई मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

बाईंनी पदराने कपाळावरचं रक्त पुसलं आणि म्हणाल्या, "मगनभाई, रडताय काय? आता माझीही सीट उलटी बसवून द्या!"

मगनभाईंनी डोळे पुसले. उठले, जीपपाशी गेले, बाईंची सीट वितीने मापून बघितली. मग मागे वळून काळजीने म्हणाले,

"बाई, ते तर करी दईश. पण स्टेअरिंग कुठे बसवू?"