सेवकराम निनावेनं साफ केलेला मृग

सिहोऱ्यात पोरीचं लग्न जुळायला तीन गोष्टी लागायच्या: पत्रिका, धानाच्या चार बांध्या आणि सेवकराम निनावेनं काढलेला फोटो. पहिल्या दोन कमी पडल्या तर तिसरी सांभाळून घ्यायची.

सेवकराम मूळ मोहाडीच्या विणकराचा. बापाच्या मागावर तुटलेला धागा तो असा सांधायचा की कापडालाही पत्ता लागत नसे. पुढे माग सुटला, रशियन कॅमेरा आला, बोटांची खोड तेवढी राहिली. देवीचे वण, पुटकुळ्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, निगेटिव्हवर पेन्सिल आणि छापलेल्या फोटोवर बारीक ब्रश फिरवून तो सगळं सपाट करी. शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या, कमिटीचे अध्यक्ष पुंडलिकराव यांच्या नाकाशेजारी हरभऱ्याएवढा मस होता. त्यांच्या दिवाणखान्यातल्या फोटोत तो नव्हता. पाहुणे एकदा फोटोकडे पाहत, एकदा त्यांच्याकडे, आणि चहा पीत.

असा हा सेवकराम सन ऐंशीच्या हिवाळ्यात आभाळाच्या नादी लागला. हायस्कुलातल्या कृष्णराव गुरुजींनी त्याला एकदा सांगितलं होतं की मृगाच्या पोटात जो तीन ताऱ्यांचा बाण आहे, त्याच्याखाली तीन बारके ठिपके लटकतात, आणि त्यातला मधला नुसता तारा नसून उजेडाचा ढग आहे. गुरुजी सांगून मोकळे झाले. सेवकरामनं ते भोजराजच्या पानठेल्यावर जाहीर केलं, वर म्हणाला, “मी त्याचा फोटो काढून दाखवतो.”

“तू काढशीलच गा,” भोजराज चुना लावत म्हणाला. “तू तं टकल्याच्या डोक्यावर केसं आनतेस. ढग काय मोठी गोष्ट हाय?”

ठेल्यावरचे सगळे हसले. बाकावर बसलेले पुंडलिकराव हसले नाहीत, आणि तेच सेवकरामला लागलं.

“पटाच्या दिवशी दाखव,” ते म्हणाले. “पन बनवलेला नोको. पेन्सिलीचा ढग निंगाला तं पटाचे फोटो यंदा तुमसरवाल्याले देईन. जितलेल्या जोडीचा फोटो खोट्या मानसाच्या हातात कायले द्या?”

सेवकराम पान चघळत घरी आला. आपण काढणार, याबद्दल त्याला शंका नव्हती. त्याला शंका कधीच नसायची. त्याच्या बायकोच्या, जानकीबाईंच्या मते संसाराची अर्धी अडचण तीच होती.

पहिल्या फोटोत ताऱ्यांच्या रेघा आल्या. आभाळ सरकतं, कॅमेरा जागेवरच. मग त्यानं सागाच्या दोन फळ्या बिजागरीनं जोडल्या, मध्ये लांब बोल्ट घातला, वरच्या फळीवर कॅमेरा बसवला आणि जेवणं उरकल्यावर अंगणात बसून बोल्ट हळूहळू फिरवू लागला. फळी आभाळाबरोबर उचलत गेली. रेघांचे ठिपके झाले. फिल्म त्यानं डेव्हलपरमध्ये नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवली, म्हणजे फिक्कं तेही उमटावं. उमटलं, पण सगळीकडे कण्या सांडल्यासारखा फिल्मचा खरखरीत दाणा आला. तरी मोठ्या झोकात त्यानं फोटो छापला, खिडकीशी बसून ब्रशनं साफ केला आणि गुरुजींपुढे ठेवला.

गुरुजींनी चष्मा वर केला, खाली केला. “निनावे, यात मृग कुठे आहे?”

“हा काय जी.”

“याच्या अंगावरचे बारके तारे कुठे गेले? आणि ढग?”

सेवकरामनं फोटो हातात घेतला. निगेटिव्हवर धूळ बसली की फोटोत पांढरे ठिपके येतात, आणि पांढरा ठिपका दिसला की त्याचा ब्रश आपोआप चाले. वीस वर्षांच्या सवयीनं त्यानं अर्धं आभाळ पुसलं होतं. ढग तर त्याला डागच वाटला होता.

“चेहरा मस्त साफ केलात,” गुरुजी म्हणाले. “आता याचं लग्न जुळेल.”

घरी येऊन त्यानं ब्रश डब्यात घातला आणि डबा जानकीबाईंच्या हातात दिला. “मी मांगतला तरी देऊ नोको.”

“आन गिऱ्हाईक आलं तं?”

“गिऱ्हाइकासाठी दे. आभाळासाठी देऊ नोको.”

आता पुसायचं नाही तर करायचं काय? एका निगेटिव्हमध्ये ढग म्हणजे काचेवरचा श्वास. पण त्याच्याकडे फळीवरून काढलेल्या दोन रात्रींच्या दोन निगेटिव्ह होत्या. एकीवर दुसरी ठेवून पाहिली. केसभर चुकलं आणि प्रत्येक ताऱ्याला जुळा भाऊ झाला. मग मागावरची आठवण कामी आली. ताण्याची दोन टोकं आधी बांधायची, मधले धागे आपसूक रांगेला येतात. त्यानं दोन कोपऱ्यांतले दोन तारे धरले, ते जुळवले, कडेला पट्टी चिकटवली. मधलं आभाळ जागेवर बसलं. एकीतला दाणा दुसरीतल्या दाण्यावर बसेना, म्हणून कण्या विरल्या. निगेटिव्हमध्ये काळा दिसणारा ढग मात्र ढगावर बसून दुप्पट गडद झाला. ही जोडी काळं-पांढरं ठळक उठवणाऱ्या कडक कागदावर छापली तेव्हा ट्रेमधल्या पाण्याखाली मृगाच्या बाणाखालून पिसासारखं काहीतरी पसरत आलं. ब्रशचा डबा कुठं आहे ते त्यानं विचारलंदेखील नाही.

पटाच्या दिवशी धुरळा खाली बसल्यावर त्यानं फोटो पुंडलिकरावांपुढे धरला.

“बनवलास चांगला,” पुंडलिकराव म्हणाले.

ते असंच म्हणणार हे सेवकरामला ठाऊकच होतं. त्यानं खिशातून पुन्हा सुट्या केलेल्या त्या दोन निगेटिव्ह काढल्या. “या अलग अलग दिवसाच्या हायेत. यात तारा काळा दिसते, आभाळ साफ. तुमीच जुळवा.”

पुंडलिकरावांनी त्या उन्हाकडे धरल्या आणि एक सरकवली. भोजराज मागून डोकावला. ताऱ्यांचे जोड एकेक करून एक झाले. एकीवरचा ओरखडा एकटाच राहिला, दुसरीवरचं केस चिकटल्याचं वळण एकटंच राहिलं. आणि मधोमध तो डाग स्वतःहून गडद झाला. पुंडलिकरावांनी निगेटिव्ह हलवून जुळणी मोडली, पुन्हा जुळवली. डाग पुन्हा तिथंच.

“पेन्सिल नाई?”

“नखानं खरडून पाहा जी.”

त्यांनी खरडलं. डाग हलला नाही. “मंग माहा मस काहून पुसलास?”

“तुमी म्हटलं म्हनून. मृगानं काई म्हटलं नाई.”

भोजराजला ठसका लागला. पुंडलिकरावांनी निगेटिव्ह परत केल्या, फेटा नीट केला आणि जितलेल्या जोडीच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

“काढ. माहाबी काढ. मसासंग.”

तो फोटो पुढे दिवाणखान्यात जुन्याच्या जागी लागला. त्यांच्या बायकोनं, सत्यभामाबाईंनी, पदरानं काच पुसली आणि त्या म्हणाल्या, “आता पाहुन्याईले वळखाले तरी येते.”