हुशार मुलांचं मदत केंद्र

मी माझ्या मोठ्या जावेची बाजू घेते, याचं आमच्या घरात सगळ्यांना नवल वाटतं. वाटू दे. आम्ही दोघी एकाच कॉलेजात कामाला. मी ग्रंथालयाच्या खिडकीवर, जाऊबाई अभ्यास मदत केंद्रात. घरी भाजी चिरण्यावरूनसुद्धा आमचं वाजतं. पण कॉलेजने त्या दिवशी त्यांच्या नावावर जे केलं, ते आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

केंद्र कसलं, प्रयोगशाळेमागची अडगळीची खोली ती! दार मागच्या बाजूला, त्यामुळे आत कोण जातं ते कुणाला दिसायचं नाही. नापास झालेल्या पोरांना नेमकं तेच हवं असायचं. जाऊबाई फळ्याकडे फिरकायच्या नाहीत. शेजारी बसून म्हणायच्या, "मला काही येत नाही असं समज आणि शिकव." पोरं शिकवायला लागली की मध्येच कुठेतरी अडायची, आणि जिथे अडायची तिथेच त्यांचं दुखणं सापडायचं. वर्गात ब्र न काढणारी मुलं तिथे बिनधास्त खेकसायची, "अहो बाई, किती वेळा सांगू तुम्हाला!" बाई खूश.

त्यांच्यात एक शिंप्याची मुलगी होती. संख्याशास्त्राचा पेपर आधीच राहिलेला, ही शेवटची संधी. या खेपेला गेली तर कॉलेज संपलं आणि दुकानात वडिलांच्या शेजारी दुसरं मशीन, हे घरी ठरलेलं. पोर जिद्दीची. बाकी सगळं जमत आलं होतं, संभाव्यतेचं एक प्रकरण तेवढं डोक्यात शिरत नव्हतं. जाऊबाईंनी तिला परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी बोलावलं.

मूल्यांकन समिती त्याच दिवशी यायची होती, पण सकाळी. आमच्या उपप्राचार्यांना मुलं 'फीतकापे' म्हणतात, कारण पाण्याचा नळ बसवला तरी उद्घाटन झाल्याशिवाय ते कुणाला घोटभर पिऊ देत नाहीत. या फीतकाप्यांनी केंद्र उचलून दर्शनी भागात, माझ्या खिडकीसमोरच्या काचेच्या खोलीत आणलं. कोच मांडले, आणि कोचांवर कोण बसवलं? पहिल्या नंबरांची मुलं!

"कच्ची मुलं समितीपुढे तोंड उघडत नाहीत. उगाच कॉलेजची शोभा," असं म्हणाले.

"मग ज्यांना गरज आहे त्यांनी कुठे जायचं?" जाऊबाईंनी विचारलं.

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे, बाई. समितीच्या मनात भरलं नाही, तर केंद्रच बंद होईल."

जाऊबाईंनी मान डोलावली. सकाळी समिती येऊन जाईल, दुपारी मुलगी येईल, असं त्यांनी मनाशी धरलं. समिती आली दुपारी, जेवूनखाऊन, आरामात.

समितीतल्या एकाने पहिल्या आलेल्या मुलाला विचारलं, "तुला नेमकी अडचण काय आहे?" पोरगं प्रामाणिक. म्हणालं, "सर, अडचण अशी काहीच नाही." सगळे खो खो हसले. जाऊबाईही हसल्या, काय करणार? त्यांची दाराकडे पाठ होती. काचेबाहेर, पुस्तक छातीशी धरून, शिंप्याची मुलगी उभी होती.

दारात फीतकापे. "आज नाही. आज फक्त निवडक विद्यार्थी."

"मला बाईंनी बोलावलंय, सर. उद्या पेपर आहे."

"बाई कामात आहेत, दिसत नाही?"

दिसत होतं ना, काच होती! मुलीने आत पाहिलं आणि ती वळली. मी हाक मारली, खिडकीवरची रांग तशीच सोडून फाटकापर्यंत धावले. ती कुठेच दिसेना. परत आले ती थेट काचेच्या खोलीत घुसले.

"जाऊबाई, तुमची मुलगी आली होती. हाकलून दिली तिला."

त्या बोलता बोलता उठल्या आणि समितीच्या देखत चालू लागल्या. फीतकापे मागून "बाई, अहो बाई" करत राहिले.

मीही मागोमाग निघाले. शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीला आतून कडी. जाऊबाई दाराशी बसल्या, मी त्यांच्याजवळ. आतून आवाज आला, "तुम्ही जा, बाई. एवढ्या हुशार मुलांना मदत लागते, तर माझं काय होणार?"

"अगं, ते नाटक होतं गं! त्यांना काही लागत नाही."

जाऊबाईंनी परोपरीने सांगितलं. पोरीला पटेना. कॉलेज असलं नाटक करतं, हे तिला खरंच वाटेना. बाई आपली समजूत घालताहेत असंच तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी परीक्षेला तिची जागा रिकामी होती.

आणि समितीचा शेरा? उत्तम! फीतकापे स्टाफरूममध्ये मिठाई वाटत होते. मला राहवलं नाही, सगळ्यांसमोर जाब विचारला. ते म्हणाले, "एका मुलीचं काय घेऊन बसलात?"

"एकच तर खरी आली होती!" मी ओरडले. कुणीतरी माझ्या हातात पाण्याचा पेला दिला. जाऊबाई कोपऱ्यात बसून होत्या. मिठाईला त्यांनी हात लावला नाही.

परवा शिवण उसवलेला ब्लाउज घेऊन मी त्या दुकानात गेले. मुलगी मशीनवर होती. काम हातात घेतलं, दोरा ओवला आणि मान खाली घालूनच म्हणाली, "बाई बऱ्या आहेत ना? मी त्यांची सगळी मेहनत वाया घालवली. त्यांना सांगा, मला माफ करा म्हणावं."

अरे, माफी मागायची कुणी आणि मागतंय कोण! हा निरोप जाऊबाईंना द्यायची माझी अजून छाती झालेली नाही.