टंकबाई आणि त्रेचाळीस स्कॅनर

पार्सल कंपनीच्या जिन्याखाली एक खोली होती. पूर्वी तिथे झाडू आणि बादल्या ठेवत, मग टंकबाईंना ठेवलं. बाईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. एकवीस वर्षं त्यांनी टायपिंगचे क्लास घेतले होते. विद्यार्थ्याच्या नुसत्या बोटांकडे बघून, कागद न बघता, त्या सांगत, "तिसऱ्या शब्दात चुकलास. करंगळी आळशी आहे तुझी." पुढे सगळं जग अंगठ्याने लिहायला लागलं, क्लासला टाळं लागलं, आणि बाई पार्सलांचे पत्ते कॉम्प्युटरमध्ये टाइप करायला इथे आल्या.

कंपनीच्या रायडरांकडे पार्सलावरचा कोड वाचणारे स्कॅनर होते. बाहेरून विटेसारखे, आतून साधे अँड्रॉइड फोन. ते पुरवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर महिन्यातून एकदा यायचा, स्कॅनरला केबल लावायचा, कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत खटाखट काहीतरी टाइप करायचा आणि कोणी विचारलंच तर "तुम्हाला नाही कळायचं" म्हणायचा. कोणी वाचू नये म्हणून स्क्रीन पाठीआड करून बसायचा. बोटं झाकायचं मात्र त्याला सुचलं नाही. सहा महिन्यांत बाईंची वही भरली.

मग ती कंपनीच बुडाली. इंजिनिअर यायचा बंद झाला, पण स्कॅनर रोज सकाळी त्या बुडालेल्या कंपनीची परवानगी मागत अडून बसायचे. वरच्या मजल्यावर तीन बैठका झाल्या. चौथीच्या आधी बाईंनी हेडक्लार्कना विचारून एका स्कॅनरला केबल लावली, वही उघडली, काळ्या खिडकीत एस आणि यू ही दोन अक्षरं टाइप केली आणि एंटर दाबलं. ओळीच्या सुरुवातीचं डॉलरचं चिन्ह गेलं, हॅशचं आलं. रूट मिळालं. यंत्राचा पूर्ण ताबा हाती आला, आता यंत्राला "का?" विचारायचीही सोय राहिली नाही. बाईंनी बुडीत कंपनीचं कुलूप काढून टाकलं. आठवड्यात त्रेचाळीसच्या त्रेचाळीस स्कॅनर निमूट कामाला लागले.

सत्ता हातात आल्यावर बाईंनी तिची व्यवस्थाही लावली. प्रत्येक स्कॅनरमध्ये कोणत्या अ‍ॅपला रूट द्यायचं याची यादी केली. यादीत एकच नाव होतं, पार्सलचा कोड वाचणाऱ्या अ‍ॅपचं, बाकी सगळ्यांना नकार. कोणा रायडरने टॉर्चचं अ‍ॅप घातलं आणि त्या अ‍ॅपने रूट मागितलं, तर काळ्या खिडकीतून बाई त्याला बाहेरची वाट दाखवत. "दिवा लावायला घराची मालकी कशाला हवी मेल्याला?" असं त्या स्वतःशीच म्हणत. खोटं कशाला बोला, नकार देताना त्यांना बरं वाटायचं. आयुष्यात फार कमी जणांना नाही म्हणायची संधी त्यांना मिळाली होती.

अशात नवे साहेब आले. खुर्चीची उंची बदलून घेणं हा त्यांचा पहिला निर्णय. दुसऱ्या आठवड्यात रूट हा शब्द त्यांच्या कानावर पडला.

"ही काय भानगड आहे?" त्यांनी हेडक्लार्कना विचारलं.

"साहेब, यंत्रातली सगळ्यात वरची परवानगी."

"सगळ्यात वरची? मग ती जिन्याखाली काय करतेय?"

बाईंना वर बोलावणं आलं. त्यांनी समजावून पाहिलं. "साहेब, रूट हा मान नाही. त्यात यंत्र तुम्हाला अडवत नाही, एवढंच."

"मला कोणी अडवलेलं मला आवडतही नाही," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं: रूट यापुढे पदानुसार देण्यात यावं. साहेबांना कायमचं, विभागप्रमुखांना एक तास, हेडक्लार्कना रोज दहा मिनिटं. हेडक्लार्क हळूच खाली आले. "बाई, दहा मिनिटांत मी करू काय?"

"काही करू नका. दहा मिनिटं सुखरूप जातील."

साहेबांनी मात्र धडाका लावला. त्यांच्या फोनवर कोणत्याही अ‍ॅपने रूट मागितलं की ते होकाराचं बटण दाबत, तेही समोर कोणी बसलेलं असताना. वजन कमी करणारं अ‍ॅप, शिट्टी ऐकून फोन शोधणारं अ‍ॅप, सगळ्यांना रूट मिळालं. दुपारपर्यंत फोन इस्त्रीसारखा तापायचा. साहेबांना वाटायचं, अधिकार म्हटला की ऊब असायचीच.

मग एका सकाळी रायडर अंगणात स्कॅनरवर पत्त्यांचा खेळ खेळताना त्यांना दिसले. खेळ स्कॅनरमध्ये मूळचाच होता, साध्या मार्गाने निघणारा नव्हता. साहेब तरातरा जिन्याखाली आले. मागोमाग हेडक्लार्क.

"तो खेळ काढायचाय. सगळ्या स्कॅनरमधून, आत्ता."

"काढते, साहेब."

"तुम्ही नाही. मी काढणार. मला पाठ आहे सगळं." साहेब बाईंच्या खुर्चीत बसले. रात्रभर चार्ज झालेले सगळे स्कॅनर रॅकवर केबलला लावलेले होते, आणि काळ्या खिडकीत टाइप केलेलं एकदम सगळ्यांना जात होतं. बाहेर रायडर ते मिळायची वाट पाहत उभे. "आणि बाई, मध्ये बोलायचं नाही. मला टोकलेलं चालत नाही."

बाई हाताची घडी घालून मागे उभ्या राहिल्या. साहेब एकाच बोटाने टाइप करत होते, कोंबडी दाणे टिपते तसं. एस, यू. हॅश आला. मग पुसून टाकण्याची आज्ञा, आणि पुढे खेळाच्या फोल्डरचा पत्ता. अ‍ॅप हा शब्द लिहून झाला, आणि खेळाचं नाव लिहिण्याआधी साहेबांचा अंगठा ओझरता खाली टेकला.

बाईंना तो टेकताना दिसला. स्क्रीनकडे बघायचीही गरज नव्हती. पत्त्याच्या मधोमध एक स्पेस पडली होती, म्हणजे एका पत्त्याचे दोन पत्ते झाले होते, आणि त्यातला पहिला होता स्कॅनरमधल्या सगळ्या अ‍ॅप्सचा. आता खेळ नाही, घरच पुसलं जाणार होतं. साहेबांनी खेळाचं नाव टिपून संपवलं. बोलायला दोन सेकंद होते. पहिल्या सेकंदात बाईंच्या ओठावर "साहेब" आलं. दुसऱ्या सेकंदात त्यांना आठवलं, बोलायचं नाही असं सांगितलंय. आणि त्यांनी गालात हसत हाताची घडी आणखी घट्ट केली.

साहेबांनी एंटर दाबलं.

आधी काहीच झालं नाही. "झालं!" साहेब हेडक्लार्ककडे वळून म्हणाले. मग एकेक स्कॅनर बंद पडून चालू व्हायला लागला. कंपनीचं चिन्ह यायचं, जायचं, परत यायचं. रॅकवर त्रेचाळीस चिन्हं डोळे मिचकावायला लागली.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, मध्ये बोलू का?" बाई म्हणाल्या.

साहेबांना तेवढ्यात एक महत्त्वाची बैठक आठवली.

बाईंकडे कुलूप काढलेल्या मूळ सिस्टिमची प्रत जपून ठेवलेली होती. पण ती भरायला एका स्कॅनरला बारा मिनिटं लागत, आणि एका वेळी एकच भरता येई. पहिला हातात घेताना त्यांना जवळजवळ गाणं सुचत होतं. तेवढ्यात दारात रायडरकाका आले. सगळ्यात जुने रायडर, गुडघ्याला पट्टा बांधून गाडी चालवणारे. त्यांच्या पिशवीत एका आजारी माणसाचं औषध होतं, त्यावर नुसता कोड, आणि पत्ता स्कॅनरमध्ये.

"बाई, काय झालं?"

"साहेबांनी एक स्पेस जास्त दिली." बाई हसल्या. "मी बघत होते ना मागून."

काका हसले नाहीत. "बघत होता? मग बोलला का नाही?"

"मला बोलू नका म्हणाले होते."

"आम्हाला कुठे काय म्हणाले होते?" काका म्हणाले. "साहेब वर चहा पितायत. बाहेर आम्ही उभे आहोत. जिरली कोणाची, बाई?"

बाईंनी काकांचा स्कॅनर रॅकवरून शोधून काढला आणि तो आधी भरला. काका तो घेऊन तडक औषध पोचवायला गेले. शेवटचा स्कॅनर चालू झाला तेव्हा संध्याकाळचे सहा वाजत आले होते आणि अंगणात कोणीच उरलं नव्हतं. प्रत जुनी, मूळची होती. त्यामुळे पत्त्यांचा खेळही त्रेचाळीस ठिकाणी जिवंत होऊन परत आला होता.

घरी धाकट्या बहिणीने सगळं ऐकून टाळी दिली. "बरं झालं! चांगली खोड मोडलीस."

"मी कसली मोडतेय? मी नुसती उभी होते," बाई म्हणाल्या, आणि जेवायचं ताट त्यांनी अर्धंच संपवलं.

चौकशी समिती बसली. अध्यक्ष साहेबच. बाईंनी जबाब टाइप करून दिला, दोनच ओळींचा: "चूक साहेबांच्या हातून झाली. मला ती एंटर दाबण्याआधी दिसली होती आणि मी मुद्दाम गप्प राहिले." समितीत खळबळ उडाली. आजवर कोणी स्वतःविरुद्ध काही लिहून दिलं नव्हतं. असा जबाब फाइलला लावायचा कुठे, याचा नियमच सापडेना. शेवटी तो "विहित नमुन्यात नाही" असा शेरा मारून परत आला. समितीचा निष्कर्ष असा निघाला की स्पेसबार सदोष होता. नवा कीबोर्ड मंजूर झाला. सेवा एका दिवसात पूर्ववत केल्याबद्दल साहेबांना मुख्य कार्यालयाचं प्रशस्तिपत्र आलं.

परत आलेला जबाब घेऊन बाई वर गेल्या.

"साहेब, तुमचं रूट काढून घेतेय."

"कोणाच्या परवानगीने?"

"तुमच्याच. नाहीतर हा कागद विहित नमुन्यात टाइप करून मुख्य कार्यालयाला पाठवते. मला वेळ लागत नाही टायपिंगला." मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "आणि हे तुमच्यासाठी नाही. परत तसं झालं तर मी ओरडेन, पण ओरडायची पाळीच नको."

साहेबांनी कागदाकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि नवं परिपत्रक काढलं: सुरक्षेच्या कारणास्तव रूट एकाच ठिकाणी, जिन्याखाली. हेडक्लार्कनी आपली दहा मिनिटं आनंदाने सोडली.

काका तीन आठवडे बाईंशी बोलले नाहीत. चौथ्या आठवड्यात त्यांनी टेबलावर स्कॅनर आपटला आणि म्हणाले, "अडकतोय. बघा जरा." बाईंनी लगेच हातातलं काम बाजूला ठेवलं.

साहेबांनी बाईंकडे एकच विनंती केली होती, तीही दार लावून, "माझ्या फोनवरचं रूटचं आयकॉन तेवढं राहू द्या." बाईंनी राहू दिलं. मागचं सगळं काढून नुसतं चित्र ठेवलं. पाहुणे आले की साहेब अजून ते दाबून दाखवतात. काहीच होत नाही, आणि पाहुणे मान डोलावतात.