मधला गिअर

अंबडच्या रस्त्याला कडुनिंबाखाली एक सायकलवाला बसतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तोंडात दोन-चार नट धरूनच तो बोलतो, म्हणून त्याचं बोलणं मला नीट कळत नाही.

ह्यांच्या माघारी ह्यांची तीन गिअरची इंग्लंडची जुनी सायकल घरात पडून होती. कामावर जायला हवी म्हणून मी ती त्याच्याकडे नेली. त्याने चेन, पेडल, ब्रेक हात लावून पाहिले.

"हे समदं मागनं बसवलेलं देशी हाय. हब तेवढा इंग्लंडचा."

हबमधून, म्हणजे मागच्या चाकाच्या मधल्या डब्यातून, गिअर ओढणारी बारीक साखळी तुटली होती.

"ही मिळायची नाय आता. एकाच गिअरला कायमचं बांधून देतो. दादा कोणत्यावर चालवायचे?"

मला काय ठाऊक? मी मागे कॅरिअरवर बसायचे. त्याने साखळीचं तुटकं टोक पकडीने ओढत, पेडल फिरवून एकेक गिअर ऐकवला. हलक्या गिअरला आवाजच नव्हता. मधल्याला सावकाश टिकटिक होती, जड गिअरला घाईची. मधली ओळखीची वाटली. मी बोट दाखवलं.

त्याने तोंडातले नट हातावर काढले.

"ताई, आता दादा बसणारेत का तुम्ही? वाटंत पुलाचा चढ हाय."

मी खाली बघत म्हटलं, "हलका बांधा."

आता चढ सहज चढते, पण मागून काहीच ऐकू येत नाही. मधला बांधून घ्यावा म्हणून सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडे जाते, आणि नुसती हवा भरून परत येते.