बांगड्यावरचा बर्फ

माझ्या नवऱ्याला बर्फाचं पाणी पँटवर गळलेलं आवडलं नाही, म्हणून मी सासरी विष घालणारी ठरले. आजही हे आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मी कोकणातली. लग्न होऊन विदर्भात, राळेगावजवळच्या एका गावात आले. घरी कापूस, सोयाबीन, तूर. मासे म्हणजे इथे तळ्यातले, डोळ्यांसमोर कापलेले. समुद्राचे मासे थर्माकोलच्या पेट्यांतून यवतमाळपर्यंत येतात आणि तिथेच मिळतात. नणंद माहेरपणाला आली होती. तिने एकदा माझ्या हातचा बांगडा खायचा म्हणून हट्ट धरला. उन्हाळा पेटलेला होता, तरी नवऱ्याला हौस. सकाळीच गाडी काढून ते यवतमाळला गेले आणि परतले पार दुपार कलल्यावर.

पिशवी हातात घेतली तर कोमट. मी विचारलं, बर्फ कुठे आहे? तर पिशवी हँडलला अडकवली होती, पाणी सारखं मांडीवर गळत होतं, म्हणून बर्फ वाटेत फेकून दिला म्हणाले. वर वाटेत मित्राकडे चहाला थांबले होते ते वेगळंच. मी कुरकुर केली. त्यांनी पिशवी सासूबाईंच्या नाकाशी नेली. सासूबाई म्हणाल्या, वास तर नाही, मग काय झालं, कर. खरंच वास नव्हता. कल्लेही बरे लाल होते.

मी रस्सा केला. या घरात रश्शावर लाल तर्री तरंगली नाही तर सासूबाई वाटी बाजूला सारतात, म्हणून तिखट हात सैल सोडून घातलं. चाखून बघायची सोय नाही, कारण वाढण्याआधी चाखलेलं इथे उष्टं समजतात. नवऱ्याला वाढलं, मग सासूबाई आणि नणंद बसल्या. मी वाढत होते. सून शेवटी जेवते, हा काही या एकाच घरचा नियम नाही, पण मी तो इथे आल्यापासून पाळत होते.

सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि खूश झाल्या. "आज जमलं वं तुले. जिभेले कसं झोंबून राह्यलं," असं म्हणाल्या. नणंदेनेही ओठ चाटले. चांगलं कालवण झोंबणारच, यात कोणाला काय वाटणार? मीही सुखावले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या रश्शाला नाव ठेवलं नव्हतं.

ताटं उचलून होईपर्यंत सासूबाईंचा चेहरा लालबुंद झाला. मान, छाती, सगळं लाल. डोकं फुटतंय म्हणाल्या. मग नणंदेच्या अंगावर गांध्या उठल्या, नवऱ्याचे डोळे लाल झाले. पित्त उठलं म्हणून मी डब्यातली आमसुलं भिजवून आणली आणि सासूबाईंच्या हातांना चोळायला बसले. त्यांची छाती इतकी धडधडत होती की ते मला वरून दिसत होतं. त्यांना आधीच रक्तदाबाचा त्रास. मी पार घाबरले होते.

तेव्हाच नणंदेने माझा हात झटकला. "आमाले तिघायले झालं. तुले कसं काहीच नाही झालं वं? काय कालवलं तुनं?"

मी जेवलेच नव्हते. माझा बांगडा अजून कढईत होता. मला शेवटी जेवायला लावणारेच आता विचारत होते, तू धडधाकट कशी? मी नवऱ्याकडे बघितलं. त्यांना बर्फ माहीत होता. त्यांनी एक शब्द बोलायचा होता. ते मूग गिळून बसले. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते मी त्या खोलीत उभं राहून बघितलं. फक्त संन्यासी मी होते आणि चोर माझाच नवरा होता.

शेजारच्यांचा ऑटो केला आणि सगळे राळेगावला दवाखान्यात गेलो. मी मागे राहिले असते तर पळाली म्हणाले असते.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण घाई करत नव्हत्या. त्यांनी आधी इंजेक्शनं दिली, सासूबाईंना आडवं केलं, मग काय खाल्लं, कधी खाल्लं, जीभ झोंबली का, ते विचारलं. बांगडा म्हटल्यावर त्यांनी समजावून सांगितलं. असल्या माशांच्या कल्ल्यांत आणि पोटात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात. मासा बर्फात असतो तोवर ते थंड पडून राहतात. ऊब मिळाली की वाढतात आणि माशाच्याच मांसातून विष तयार करतात. वास येईलच असं नाही. शिजवल्यावर जिवाणू मरतात, पण त्यांनी केलेलं विष उकळूनही जात नाही. जीभ झोंबते ती त्यानेच. सासूबाईंचं काही तासांत उतरेल, पण रक्तदाबाच्या माणसाला हे जिवावर बेतू शकतं, असंही त्या म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, मासा बर्फात आणला होता का?

नवरा म्हणाला, "हिलेच मालूम. मासळीतलं आमाले काय समजते?"

"बर्फ यांनी फेकला," मी म्हणाले. "पँट ओली होत होती म्हणून."

नणंद आपल्या भावाकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ती त्यालाही जाब विचारेल. मी वाट बघितली. शेवटी खाटेवरून सासूबाईच बोलल्या, आणि आवाजात राग नव्हता, मायाच होती.

"जाऊ दे वं. त्याले काय मालूम? माणूस चुकतेच."

"आणि मी?" मी विचारलं.

सासूबाईंनी कूस बदलली, नवरा औषधाची चिठ्ठी घेऊन बाहेर गेला, आणि नणंद मला म्हणाली, वहिनी, घरी गेल्यावर चहा ठेवजो सगळ्यायले.