सीटखालची वायर

“साहेब, मी उठलो होतो. कसम से, उठलो होतो.”

ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या एका हॉस्पिटलच्या वॉर्डात मोरे हे वाक्य तिसऱ्यांदा म्हणाले. त्यांचा डावा हात मनगटापर्यंत पट्टीत होता. दोन बोटांची टोकं गेली होती. उशाशी त्यांची बायको पाण्याची बाटली धरून उभी होती. मी स्टुलावर बसून “आराम करा, मोरे, बोलू नका,” असं सांगत होतो. त्यांनी बोलू नये यात माझा स्वार्थ होता. ते खरं सांगत होते आणि ते खरं आहे हे त्या वॉर्डात एकट्या मला ठाऊक होतं. त्याचा पुरावा माझ्या पँटच्या खिशात होता.

मी ग्वाल्हेरच्या एका निवासी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये इस्टेट सुपरवायझर होतो. इमारती, पाणी, बगीचा, सगळं माझ्याकडे. लॉन एवढं मोठं की ढकलायच्या मशीनने एका टोकापासून कापत गेलं तर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाला पुन्हा घोटाभर वाढायचं. त्या उन्हाळ्यात राइडिंग मोवर आला. म्हणजे बसून चालवायचं गवत कापायचं मशीन. पुढे स्टिअरिंग, मध्ये सीट, पोटाखाली एक पसरट लोखंडी झाकण. त्याला डेक म्हणतात. डेकच्या आत पाती फिरतात आणि बाजूच्या तोंडातून कापलेलं गवत बाहेर पडतं. पाती चालू-बंद करायला वेगळं बटण असतं. आणि सीटखाली एक छोटा स्विच असतो. पाती फिरत असताना माणूस सीटवरून उठला की हा स्विच इंजिनच बंद करतो. आमच्या मशीनमध्ये तर कोणी बसल्याशिवाय इंजिन सुरूही होत नसे.

मोरे आमचे ऑपरेटर. पंचेचाळिशीचे, जुन्या शहरात गोरखी वाड्याजवळ राहणारे. त्यांचे पणजोबा फौजेबरोबर दक्षिणेतून आलेले, आणि चालण्यात अजून ती शिस्त होती. मशीनला ते स्वतःच्या स्कूटरपेक्षा जपायचे.

ट्रेनिंग मीच दिलं होतं. नियम सोपा आहे. मशीनवरून उतरण्याआधी पाती बंद करा, ब्रेक लावा, इंजिन बंद करून चावी खिशात टाका, पाती थांबेपर्यंत थांबा, मग खाली हात घाला. हा नियम मी फळ्यावर लिहिला आणि आठवड्याभरात आम्ही सगळ्यांनी तो गुंडाळून ठेवला. उठलं की इंजिन आपोआप बंद होतं, मग एवढे सोपस्कार कशाला? मोरे उठायचे, घरघर थांबायची, क्षणभर वाट पाहून ते अडकलेलं गवत काढायचे. मी बघायचो आणि काही बोलायचो नाही. मी स्वतःही तसंच करायचो.

मग खंडेनवमी आली.

आमच्या घरात त्या दिवशी हत्यारं आणि अवजारं पुजतात. माझे वडील गिरणीत फिटर होते. त्यांची एक पद्धत होती. पुजलेल्या यंत्राला त्या दिवशी पाय लावायचा नाही, त्यावर बसायचं नाही. पण आरती झाली की यंत्र एकदा फिरवून दाखवायचं. देवीला आवाज ऐकू गेला पाहिजे, असं ते म्हणायचे. मी ही पद्धत इन्स्टिट्यूटच्या शेडमध्ये आणली होती. जनरेटर, पंप, ढकलायचं मशीन, सगळ्यांचा आवाज दरवर्षी देवीला ऐकवायचो. त्या वर्षी मानाचं यंत्र होतं नवा मोवर. हळदीकुंकू झालं, झेंडूची माळ घातली, सीटवर नारळ ठेवला. आता ह्यावर बसायचं तर नाही, आणि बसल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही.

मी फिटरचा मुलगा. आरतीआधी शेडमध्ये कोणी नसताना मी सीट उचलली, स्विचचा प्लग काढला आणि त्याच्या दोन भोकांत बोटभर वायर वाकवून बसवली. आता मशीनच्या लेखी सीटवर कायम कोणीतरी बसलेलं होतं. आरती संपल्यावर मी बाजूला उभं राहून चावी फिरवली. इंजिन लागलं. नारळ सीटवर थरथरत राहिला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मोरेंच्या हातात निरांजनाचं ताट होतं. त्यांनी विचारलं, “साहेब, बिना बसता कशी काय चालू झाली?”

मी म्हणालो, “देवीची कृपा.”

सगळे हसले. मोरेही हसले. मग प्रसाद, मग चहा, मग डायरेक्टर साहेबांचा फोन. वायर काढायची राहून गेली.

दसऱ्याला सुट्टी होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोरेंनी मशीन बाहेर काढलं. पुढच्या आठवड्यात कॉन्व्होकेशन होतं, गवत दवाने ओलं होतं. ओलं गवत डेकच्या तोंडाशी गोळा होऊन बसतं. ते काढायला मोरे नेहमीसारखे उठले. पलीकडे जनरेटर धडधडत होता, त्यामुळे घरघर थांबली की नाही हे त्यांना कळलं नाही. नेहमीसारखा त्यांनी हात घातला.

त्यांना जीपमधून हॉस्पिटलला नेलं. नेणारे मला म्हणाले, साहेब, तुम्हीही चला. मी म्हणालो, “पुढे व्हा, मी मशीन सुरक्षित ठिकाणी लावून येतो.” मी मशीन शेडमध्ये नेलं, सीट उचलली, वायर काढून खिशात घातली, प्लग परत लावला. मग हॉस्पिटलला गेलो. आधी वायर, मग मोरे. हा क्रम लिहिताना आजही मला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी डीलरचा मेकॅनिक आला. त्याने चार वेळा बसून, उठून पाहिलं. “स्विच तो एकदम ओके है, सर.” डायरेक्टर साहेबांनी मला विचारलं, “काले जी, तो फिर क्या हुआ होगा?”

“सर, जल्दबाज़ी,” मी म्हणालो. “ब्लेड बंद किए बिना हाथ डाल दिया.”

रिपोर्टही तसाच लिहिला. ऑपरेटरने पाती बंद केली नाहीत, चावी काढली नाही, तपासणीत स्विच चालू स्थितीत आढळला. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून म्हणतात, ते मी टाइप करून सही-शिक्क्यानिशी सादर केलं.

मोरे महिन्याभराने कामावर आले. मशीन दुसऱ्याकडे गेलं होतं. त्यांना नर्सरीत पाईप धरून रोपांना पाणी घालायचं काम मिळालं. “मी उठलो होतो” हे वाक्य आता त्यांच्या तोंडी नव्हतं. मला आधी बरं वाटलं.

एका रविवारी मी फळं घेऊन त्यांच्या घरी गेलो. ते देवळात गेले होते. वहिनींनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, “साहेब, तुम्हीच काही समजवा यांना. घराला कुलूप लावतात आणि गल्लीच्या कोपऱ्यावरून परत येतात, लागलंय की नाही पाहायला. तीन-तीन बार. पोरीला स्कूटरवर शाळेत सोडायचे, ते बिलकुल बंद केलं.”

“हात दुखत असेल.”

“हात नाही हो. म्हणतात, जो माणूस आपण उठलो की बसलो हे विसरतो, त्याच्या मागे पोरीला कसं बसवायचं?”

चहा मी अर्धा टाकला. बोटं गेली ती माझ्या विसराळूपणाने गेली, त्याला अपघात तरी म्हणता आलं असतं. पण धडधाकट माणसाचा स्वतःवरचा भरवसा मी जाणूनबुजून काढून घेतला होता. आणि वर त्याच्या घरी सफरचंदं घेऊन गेलो होतो. असं सगळं कळूनही मी आणखी नऊ दिवस गप्प बसलो. नोकरीचं दीड वर्ष राहिलं होतं, एवढंच त्याचं कारण.

दहाव्या दिवशी सेफ्टी क्लास होता. अपघातानंतर डायरेक्टर साहेबांनीच तो ठरवला होता. शिकवणारा अर्थातच मी. शेडमध्ये माळी, पंपवाले, इलेक्ट्रिशियन, सगळे खुर्च्यांवर. मशीनची पाती मी आधीच उतरवून ठेवली होती. मी नियम सांगितले. मग मोरे स्वतःहून उभे राहिले.

“मी दोन शब्द बोलतो,” ते म्हणाले. “मला वाटलं होतं की मी उठलो. पण मशीन झूठ बोलत नाही. मी उठलोच नसेन, वाकून हात घातला असेन. घाईत माणसाला स्वतःचंच भान राहत नाही. माझ्यावरून सगळ्यांनी शिका.”

ते माझ्याकडे पाहून किंचित हसले. साहेबांच्या क्लासला आपली मदत झाली, असं त्यांना वाटत होतं.

त्यापुढे मला उभं राहवेना. मी ऑफिसात गेलो, ड्रॉवरमध्ये दडवून ठेवलेली ती वायर आणली.

“मोरे, मशीनवर बसा.”

त्यांचा चेहरा उतरला, पण बसले. मी सांगितलं तसं त्यांनी इंजिन लावलं, पात्यांचं बटण ओढलं. “आता उठा.” ते उठले. इंजिन बंद झालं.

मग मी सीट उचलली, प्लग काढला आणि सगळ्यांदेखत वायर त्यात बसवली. “पुन्हा बसा. चालू करा. उठा.”

मोरे उठले. इंजिन चालूच राहिलं.

मोरे दोन पावलं मागे सरले आणि रिकाम्या सीटकडे बघत राहिले. ती खंडेनवमीला थरथरत होती तशीच थरथरत होती. मी चावी फिरवून इंजिन बंद केलं.

“ही वायर मी पूजेच्या दिवशी लावली,” मी म्हणालो. “काढायला विसरलो. अपघातानंतर काढली आणि लपवली. मोरे उठले होते.”

मोरेंनी धड असलेला उजवा हात सीटवर ठेवला.

“मी उठलो होतो,” ते हळूच म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “मी तुम्हाला विचारलं होतं, साहेब, बिना बसता कशी चालू झाली. तुम्ही म्हणालात, देवीची कृपा. मी मानलं.”

त्याच दिवशी मी दुसरा रिपोर्ट दिला. डायरेक्टर साहेबांनी तो दोनदा वाचला. “काले जी, ये आपने पहले क्यों नहीं बताया?”

“डर गया था, सर.”

पहिला रिपोर्ट रद्द झाला. मला मेमो मिळाला आणि उरलेली नोकरी स्टोअरमध्ये गेली, ते योग्यच झालं. मोरे पुन्हा मशीनवर आले. पोरीलाही स्कूटरवर सोडू लागले, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. मी माफी मागितली तेव्हा ते “ठीक आहे, साहेब” एवढंच म्हणाले. त्यानंतर भेटले की नमस्कार करतात, थांबत नाहीत. मी शहरातच, थाटीपुरला राहतो. इथे ते कधी आलेले नाहीत.

शेडमधली खंडेनवमी आता मोरे करतात असं ऐकतो. मशीन धुतात, माळ घालतात, चावी काढून ताटात ठेवतात. इंजिन लावत नाहीत.

मशीनवरून उतरायचं तर पाती बंद करा, चावी खिशात टाका, पाती थांबेपर्यंत थांबा. सीटखालच्या स्विचच्या भरवशावर राहू नका, तो शेवटचा आधार आहे, पहिला नाही. आणि तुमचा ऑपरेटर म्हणाला की मी उठलो होतो, तर आधी सीट उचलून बघा. मला तर बघायचीही गरज नव्हती.